काशीचं गाडीभाडं

“आणि डबा चिकटला नाही, तर?”

“तर तो गोणीत, महाराज.”

“चिकटला, तर?”

“बाजूला. तो नुसता पत्रा. त्याला भाव नाही.”

हिरागिरी महाराजांनी डोळे मिटले. ऐकताना डोळे मिटण्याची त्यांची सवय होती. म्हाताऱ्याला झोप लागली असे समजून सैल बोलू लागलेल्या अनेकांची त्यामुळे फजिती झाली होती.

“पुन्हा सांग. पहिल्यापासून.”

अमृतगिरी त्यांच्यासमोर घोंगडीवर बसला होता. त्याने पाठ ताठ केली.

घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात एक रीत होती. निरूपणाच्या गादीवर बसू पाहणाऱ्या शिष्याने आदल्या संध्याकाळी गुरूंपुढे एक दृष्टांत मांडायचा. तो पोथीतला चालत नसे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच लागे. गुरूंनी त्यावर मत न देता प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न संपले की एकच वाक्य बोलायचे. त्या वाक्यावरून, आणि गुरूंचा हात मस्तकावर टेकला की नाही त्यावरून, अनुज्ञा मिळाली की नाही, हे शिष्याने ओळखायचे. गुरूंनी अर्थ सांगायचा नाही, शिष्याने तो विचारायचा नाही.

या परीक्षेत शिष्यांची चूक बहुधा एकाच जागी होत असे. ते अर्थ आधी ठरवून येत, आणि त्या अर्थात मावेल तेवढेच पाहिलेले सांगत. उरलेले बाहेर ठेवून येत. गुरूंचे प्रश्न नेमके त्या बाहेर ठेवलेल्या भागाकडे वळत.

दुसऱ्या दिवशी मठाचा उत्सव होता. महाराजांचा आवाज वर्षभरात खोल गेला होता. चार वाक्यांनंतर त्यांना थांबावे लागे. गादीवर आता दुसरे कोणीतरी बसणे भाग होते. अमृतगिरीला ती गादी हवी होती. घर सोडून तो या मठात आला, तेव्हापासून हवी होती.

त्याने सांगायला सुरुवात केली.

“आज रविवार. कड्याच्या टोकाशी मोटारी लागल्या होत्या. लोक दरी बघतात, काहीबाही पितात, आणि रिकामे डबे करवंदीच्या जाळीत भिरकावतात. दुपारी तिथे एक म्हातारा आणि एक लहान मुलगी ते डबे वेचत होती. मुलीच्या हातात सुतळीला बांधलेलं चुंबक होतं. जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं असावं. प्रत्येक डब्यापुढे ती ते नेई. पत्र्याचा डबा टक्कन उडी मारून चिकटे. ॲल्युमिनियमचा मात्र जागचा हलत नसे. म्हातारा त्याला जर्मन म्हणत होता.”

“गावाकडे जर्मनच म्हणतात. पुढे?”

“मी मुलीला विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, जो चिकटत नाही त्याला भाव जास्त.” अमृतगिरी क्षणभर थांबला. हे वाक्य कुठे थांबून म्हणायचे, हे त्याने दुपारीच ठरवले होते. “महाराज, प्रपंच हे चुंबक आहे. तो सगळ्यांसमोर सारखाच फिरतो. लोखंडी मन धावत जाऊन चिकटतं. जे चिकटत नाही, त्याचं मोल जाणता माणूस वेगळं करतो. एक अडाणी पोर जाळीत उभी राहून वैराग्याचं लक्षण सांगत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.”

महाराजांनी मान हलवली.

“बांधणी चांगली आहे, नाही का?”

अमृतगिरीने नजर खाली वळवली. स्तुती ऐकताना खाली पाहावे, हे त्याला चांगले साधले होते.

“जाणता माणूस म्हणजे कोण? भाव कोण देतो?”

“भंगारवाला.”

“आणि तो त्या जर्मनचं काय करतो?”

“पुढे पाठवतो. भट्टीत वितळवतात.”

“वितळवून?”

“पातेली करतात. डेगची, झाकणं…”

“म्हणजे जे कुणाला चिकटत नाही, ते फिरून कुणाच्या तरी चुलीवरच जातं?”

अमृतगिरी हसला. गुरूंनी थट्टा केली की शिष्याने हसावे, इतपत ते हसू होते.

“दृष्टांत तिथवर ताणायचा नसतो, महाराज.”

“कुठवर ताणायचा, ते मला समजू दे. म्हातारा काय करत होता?”

“मुलगी निवडत होती, तो टाचेने चेपत होता. चेपला की गोणीत.”

“टाचेने? या वयात?”

“दर दोन-चार डब्यांनंतर खाली बसत होता. दम लागत होता त्याला.”

“तू काय करत होतास?”

“मी… पाहत होतो.”

“नुसता उभा होतास?”

“मुलगीही तेच म्हणाली.” अमृतगिरीच्या तोंडून ते निसटले. दृष्टांतात ते नव्हते.

“काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग.”

“म्हणाली, ‘म्हाराज, तुमी नुसतं हुबंच ऱ्हाता का दिसभर? आमचं आजोबा म्हनत्यात, दाढीवाल्यास्नी भूक लागत न्हाई. मग तुमाला काम तरी कशाला लागंल.’”

महाराज मनापासून हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. अमृतगिरीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घोटभर पाणी घेतले आणि तांब्या स्वतःजवळच ठेवला.

“मग?”

“मग म्हणाली, गोणीचं तोंड धरा. आजोबांना वाकता येत नाही.”

“धरलंस?”

“त्यात बिअरचे डबे होते, महाराज. दारूच्या पात्राला शिवू नये, असा आपला नेम…”

“गोणी दारूची होती?”

“…नाही. खताची.”

“रिकामी?”

“अर्धी भरलेली.”

“तिचं तोंड धरायला डब्यांना शिवावं लागतं का?”

बाहेर वाऱ्याने मठाची पताका फडफडली आणि थांबली.

“मुलीचं नाव काय?”

“नावाचा दृष्टांताशी…”

“मी नाव विचारलं.”

“वैजयंता.”

महाराजांनी डोळे उघडले.

“जुनं नाव आहे. या काळात मुलीला कोण ठेवतं हे नाव? वय काय तिचं?”

“सात-आठ वर्षांची असेल.”

“सात-आठ वर्षांच्या मुलीचं नाव वैजयंता. म्हाताऱ्याने सांगितलं नाही, कुणाचं ठेवलं ते?”

“सांगायची गरज नव्हती.”

“का?”

…

“माझ्या आजीचं नाव आहे ते, महाराज.”

लोकांत नावे अशी फिरत राहतात. घरातली म्हातारी गेली की तिचे नाव पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला देतात, आणि नाव घरातच राहते. त्यामुळे परक्या ठिकाणी ऐकलेल्या एका नावावरूनही माणसाला स्वतःचे घर ओळखू येते. अमृतगिरी घरातून निघाला, तेव्हा त्या मुलीचे बारसे व्हायचे होते. तिचे नाव काय ठेवले, हे त्याला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हते.

 

“म्हाताऱ्याने तुला ओळखलं?”

“हो.”

“तू त्याला?”

“बापाला कोण ओळखत नाही, महाराज.”

“काय हाक मारली त्याने तुला?”

“‘महाराज’ म्हणाले.”

“‘उत्तम’ नाही म्हणाले?”

हे नाव मठात फक्त गुरूंना ठाऊक होते. दीक्षेच्या दिवशी ते त्यांनीच शिष्याकडून काढून घेतले होते.

“नाही. पाया पडले माझ्या.”

“पडू दिलंस?”

“मुलगी शेजारी होती. मी मागे सरलो असतो, तर तिने विचारलं असतं, हे महाराज असे का करतात.”

“त्यांनी पाया पडताना काही म्हटलं?”

“म्हणाले, ‘पोरगी ल्हान हाय, म्हाराज. बोलती काय बी. मनावर घिऊ नका.’”

पुन्हा वारा आला. या वेळी तो पताका हलवण्याइतका नव्हता.

“उत्…” महाराज अडखळले. चूक त्यांच्या ध्यानात आली असावी, कारण त्यांनी एकदम सुधारले. “अमृतगिरी. एक गोष्ट मला कळत नाही. खाली फाट्यावर ढाबे आहेत ना?”

“आहेत.”

“रोज रात्री तिथे ट्रकवाले थांबतात, बसच्या बस थांबतात. डब्यांचे ढीग कुठे असतील, ढाब्यांच्या मागे की आपल्या कड्यावर?”

“…ढाब्यांच्या मागे.”

“तुझं गाव?”

“फाट्याच्या पलीकडेच.”

“मग ज्याला चार डबे चेपून दम लागतो, तो म्हातारा अख्खा घाट चढून, नातीला घेऊन, मूठभर डब्यांसाठी इथे का येतो?”

अमृतगिरीने घोंगडीचा एक धागा बोटाला गुंडाळला. गुंडाळून सोडला. पुन्हा गुंडाळला.

“आजच आले होते?”

“नाही.”

“कधीपासून येतात?”

“दिवाळीपासून. दर रविवारी.”

“तुला कसं माहीत?”

“कोठीच्या खिडकीतून टोक दिसतं.”

“आणि दर रविवारी कोठी आवरायला लागते, असं तू मला म्हणत होतास.”

महाराजांचा आवाज चढला नव्हता. तो चढण्याइतका उरलाही नव्हता. अमृतगिरी मात्र अंगावर पाणी पडल्यासारखा आक्रसला.

“आज बाहेर का गेलास?”

“दृष्टांत हवा होता, महाराज.”

हे उत्तर त्याने इतके सरळ दिले, की ते ऐकून तो स्वतःच चपापला. उत्सव उद्यावर आला होता. पाहिलेले काही हाताशी नव्हते. आणि खिडकीतून रविवारमागून रविवार जे दिसत होते, ते जवळ जाऊन नीट पाहिले तर निरूपणाला उपयोगी पडेल, असे त्याला वाटले होते.

“मिळाला,” महाराज म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले, की हा प्रश्न नव्हता, मत होते. “मिळाला का?” असे त्यांनी ते दुरुस्त केले.

अमृतगिरीने मान खाली घातली. ही मान मघाच्यासारखी खाली गेली नव्हती.

“मी तिला विचारलं,” तो आपणहून म्हणाला, “या पैशांचं काय करणार? मला वाटलं, खाऊ म्हणेल, फ्रॉक म्हणेल. लोभावर एक ओवी जोडता आली असती.”

“काय म्हणाली?”

“गाडीभाडं म्हणाली. काशीचं.”

“काशीला कोण आहे?”

“बाप आहे तिचा. आजोबांनी असं सांगितलंय तिला. मला विचारलं, ‘तुमी गेलता का काशीला?’ मी हो म्हणालो. गेलो होतो ना आपण, दीक्षेनंतर. तेव्हा तिने चुंबक खाली ठेवलं आणि माझ्या अगदी जवळ आली. म्हणाली, ‘तितं उत्तम नावाचा मानूस दिसला का तुमाला? उंच हाय म्हनं. माज्यासारकं कान हायती म्हनं.’”

महाराजांनी शिष्याच्या कानांकडे पाहिले नाही. त्यांनी समईच्या ज्योतीकडे पाहिले.

“तू काय सांगितलंस?”

“…काशी फार मोठी आहे, असं म्हणालो.”

“म्हातारा?”

“चेपायचे थांबले. एक पाय डब्यावर, तसेच उभे राहिले. माझ्याकडे पाहत होते.”

“रागाने?”

“राग असता तर बरं झालं असतं. वाट पाहत होते, महाराज. मी पुढे काही बोलेन म्हणून.”

“किती वेळ?”

“तिने उरलेले डबे गोणीत भरेपर्यंत.”

“मग?”

“मग त्यांनी गोणी खांद्यावर घेतली. ‘चल वैजू, ऊन उतरलं,’ म्हणाले. माझ्याकडे परत पाहिलं नाही. मुलीने मात्र वळून विचारलं, ‘पुढच्या आइतवारी हाय का तुमी हितं?’”

“आहेस?”



समईत तेल कमी झाले होते. महाराजांनी वात पुढे सारली. बोटाला लागलेले तेल त्यांनी पायाच्या तळव्याला पुसले.

“एक राहिलं. ती बापाकडे कशाला जाणार आहे? राहायला?”

“नाही.”

“त्याला घेऊन यायला?”

“नाही. काहीतरी सांगायला.”

“काय?”

 अमृतगिरीने तांब्याकडे हात नेला, पण तांब्या गुरूंजवळ होता. गुरूंनी तो पुढे केला नाही.

“काय सांगायला?”

“तिची आई वारली, महाराज. श्रावणात. कावीळ झाली होती. तेवढं त्याला सांगायचं आहे तिला. ‘पप्पांस्नी म्हाईतच न्हाई,’ असं म्हणाली. ‘कुनी तरी सांगाय पायजे का न्हाई?’”

…

“त्याला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“केव्हा कळलं?”

“आज दुपारी.”

“कोणाकडून?”

“तिच्याकडूनच.”

मठाबाहेर कोणीतरी उत्सवासाठी मांडवाचे खांब ठोकत होते. ते आवाज थोडा वेळ आत येत राहिले.

“तिच्या आईचं नाव काय होतं?”

“शेवंता.”

  या मठात आल्यापासून ते नाव त्याने मनातल्या मनातही पूर्ण म्हटले नव्हते. म्हणून ते आता जिभेला अवघड गेले. त्याने ते पुन्हा एकदा म्हटले, अगदी हळू, बरोबर आले की नाही हे पाहण्यासाठी म्हणावे तसे.

महाराज त्याच्या रडण्याची वाट पाहत असावेत. तो रडला नाही. इतक्या वर्षांच्या साधनेने त्याला ते शिकवले होते, आणि आता ते विसरावे कसे हे त्याला कळत नव्हते.

“मुलीचं सांगून झालं,” तो काही वेळाने म्हणाला. “ज्याला सांगायचं होतं, त्याला सांगून झालं तिचं.”

“तिला कळलं का ते?”

“नाही.”

“तिच्या आजोबांना?”

“हो. त्यांना कळलं.”

“मग ते तिला सांगतील?”

अमृतगिरीने बराच विचार केला. त्याच्या डोळ्यांसमोर घाटाची उतरण असावी, आणि तिच्यावर पुढे जाणारी एक लहान आकृती, मागे गोणी घेतलेली दुसरी.

“नाही सांगणार,” तो म्हणाला. “ते सांगायचं काम त्यांनी माझ्याकडे ठेवलं आहे. मी सांगितलं नाही, तर मरेपर्यंत ते तिला काशीच म्हणत राहतील.”

महाराजांनी पुढे काही विचारले नाही. प्रश्न संपले, हे त्यावरून कळत होते.

रीतीप्रमाणे अमृतगिरी उठला, दोन पावले पुढे आला आणि गुरूंच्या पायांवर त्याने मस्तक ठेवले. रीतीप्रमाणे महाराजांनी उजवा हात उचलला. अनुज्ञा द्यायची असली तर तो मस्तकावर टेकत असे. हात काही वेळ तसाच हवेत राहिला.   मग महाराजांनी तो परत घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“उद्या लोक येतील, महाराज,” अमृतगिरी मस्तक न उचलता म्हणाला. “गादीवर कोण बसणार? मी त्यांना काय सांगू?”

शिष्याने विचारायचे नसते. तरी त्याने विचारले.

 महाराज बोलले, तेव्हा त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की मांडव घालणाऱ्यांनी त्याच क्षणी काम थांबवले नसते, तर तो ऐकू आला नसता.

“ती अजून काशीच्या गाडीभाड्यासाठी डबे वेचते आहे.”